चौरस फुटात न मावणारं काम

परंडा, भूम किंवा बार्शीतल्या फ्लेक्सच्या दुकानातलं एखादं बिल हातात घेऊन पाहा. ‘फ्लेक्स १० बाय ८, ८० चौ. फूट’, पुढे दर, पुढे बेरीज. फ्रेमचे पैसे वेगळे, रिंगा ठोकल्याचे वेगळे, गाडीभाडं असेल तर तेही वेगळं. डिझाइनची ओळ मात्र सहसा सापडत नाही. दोन-तीन तास बसून कुणीतरी चाळीस फोटो कापलेले असतात, नावं तपासलेली असतात, अक्षरं मांडलेली असतात. ते सगळं त्या चौरस फुटांत जिरून गेलेलं असतं. तालुक्याच्या पातळीवर काम करणाऱ्या ग्राफिक डिझायनरच्या धंद्याचा आढावा इथूनच घ्यावा लागतो, कारण त्याच्या बहुतेक अडचणी या न लिहिलेल्या ओळीतून निघतात.

उदाहरणादाखल सोनारीचा परिसर घेऊ. परंडा तालुक्यातलं हे गाव काळभैरवनाथाचं, आणि काळभैरवनाथ अनेक घराण्यांचं कुलदैवत आहे. चैत्रातल्या यात्रेआधी आसपासच्या डिझायनरांना दम घ्यायला फुरसत नसते. स्वागतफलक, कमानी, देणगीच्या पावत्या, अन्नदानाचे बोर्ड असं सगळं एकदम येतं. लग्नसराईही त्याच सुमाराला असते, आणि ‘श्री काळभैरवनाथ प्रसन्न’ हे शब्द माथ्यावर असलेल्या पत्रिका जिल्ह्याबाहेरही छापल्या जातात. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, ३१ मेची अहिल्यादेवी जयंती, मग गणपती, नवरात्र, दिवाळीच्या शुभेच्छा. साखर कारखान्यांचा हंगाम आणि निवडणुका आल्या की त्यांची भर. आषाढात मात्र सगळं थंडावतं.

हे काम करणारे तीन प्रकारचे लोक दिसतात. एक मशिनवाला मालक, ज्याची कमाई छपाईवर आहे. दुसरा त्याच्याकडे पगारावर बसणारा ऑपरेटर. तिसरा घरी लॅपटॉप घेऊन बसलेला मुलगा किंवा मुलगी. फाइल इथे तयार करायची आणि छपाई बार्शीत, सोलापुरात नाहीतर पुण्यात करून घ्यायची, असा त्यांचा मार्ग. मला हा तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच्याकडे मशिन नाही, म्हणून चौरस फुटावर त्याचं पोट भरणार नाही. त्याला डिझाइनचाच मोबदला मागावा लागणार. आणि तो मागायचा तर शेजारच्या दुकानात फुकट मिळतं त्यापेक्षा वेगळं काहीतरी द्यावं लागणार. ते वेगळं म्हणजे काय, याचं माझं उत्तर एका शब्दात आहे: अक्षर.

फ्लेक्स येण्याआधी गावोगावी पेंटर होते. दुकानाची पाटी, भिंतीवरची जाहिरात, ट्रकच्या मागचं नाव हे सगळं ब्रशने लिहिलं जाई. त्यांच्यापैकी अनेकांचं वळण आजच्या फ्लेक्सवरच्या अक्षरापेक्षा कितीतरी सरस होतं. वरच्या पातळीवर याच महाराष्ट्रात कमल शेडगे (१९३५–२०२०) नाटकांची शीर्षकं अशी लिहीत, की नाटकाचा स्वभाव अक्षरातूनच कळावा. र. कृ. जोशींनी (१९३६–२००८) मायक्रोसॉफ्टसाठी केलेला ‘मंगल’ हा फॉन्ट आपल्यापैकी प्रत्येकाने संगणकावर पाहिलेला आहे. बापूराव नाईकांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा मोठा ग्रंथ राज्याच्या भाषा संचालनालयाने १९७१ साली काढला. अच्युत पालव यांना सुलेखनासाठी २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. इतकी मोठी परंपरा घरात असताना तालुक्याच्या चौकातलं अक्षर इतकं केविलवाणं का दिसतं? माझ्या मते दोष ऑपरेटरच्या हाताचा कमी आणि त्याला कुणी काही न शिकवल्याचा जास्त आहे. डीटीपीच्या क्लासात कोरेल आणि फोटोशॉपची बटणं शिकवतात, देवनागरी शिकवत नाहीत.

म्हणून थोडं तपशिलात जातो.

पहिली गोष्ट फॉन्टची. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, शिवाजी, सुरेख यांसारख्या फॉन्टांवर आपल्याकडची एक पिढी वाढली. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असतं, फक्त पडद्यावर मराठी दिसतं. फॉन्ट बदलला की मजकुराचा कचरा होतो, आणि ग्राहकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पुन्हा टाइप करावा लागतो. पुन्हा टाइप केला की चुका आल्याच. युनिकोडमध्ये हा त्रास नाही. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ खुल्या परवान्याने मिळतात आणि धंद्यासाठी फुकट वापरता येतात. राज्य मराठी विकास संस्था आणि आयआयटी मुंबई यांचा ‘यशोमुद्रा’ही मोफत आहे. युनिकोड मजकूर फुटतो अशी तक्रार अजून ऐकू येते. कोरेलच्या जुन्या आवृत्त्यांत तो फुटायचा, हे खरं. फोटोशॉपमध्ये मात्र टाइपच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ आणि इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडलं की जोडाक्षरं जागेवर येतात.

आता ‘वऱ्हाडी मंडळी’ हे शब्द घ्या. ते लग्नाच्या कामात हटकून लागतात आणि हटकून चुकतात. कुठे ‘वर्हाडी’ होतं, म्हणजे रफार ‘ह’च्या डोक्यावर जातो, कुठे ‘र’चा पाय मोडून सुटा पडतो. इन्स्क्रिप्टच्या मांडणीत ‘जे’च्या कळीवर र आहे आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ येतो. त्या ऱ ला हलन्त देऊन पुढे ह किंवा य टाइप केलं की ‘वऱ्हाडी’ आणि ‘सोयऱ्यांना’ दोन्ही नीट उमटतात. वकिलांच्या नावामागचं ‘ॲड.’ हेही तसंच. ॲ हे युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे. अ आणि चंद्र वेगवेगळे टाइप केले की काही फॉन्टांत चंद्र भलतीकडे बसतो. ल आणि श यांचं मराठी वळण कोणतं हे राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात दिलेलं आहे: पाकळीचा ल, देठाचा श. हिंदी वळणाचा फॉन्ट सर्रास वापरला जातो तो केवळ आधीपासून संगणकावर असतो म्हणून.

दुसरी गोष्ट ताणण्याची. जागा उरली की ऑपरेटर अक्षर आडवं ओढतो. देवनागरी असं ओढलं की काना जाड होतो आणि शिरोरेषा होती तितकीच बारीक राहते. अक्षराचा तोल तिथेच जातो. रुंद अक्षर हवं असेल तर रुंद घडणीचा फॉन्ट निवडावा. अक्षरांमधली जागा वाढवली की शिरोरेषा तुटते, तेही टाळावं. बॉर्डरवर बॉर्डर चढवली की घ, ध, छ, क्ष यांची पोटं बुजतात आणि लांबून काहीच वाचता येत नाही. एक पांढरी किनार पुरते. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या हिशेबाने ठेवून चालत नाही. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असतात. अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीपासून सुरू करावं आणि मग डोळ्याने कमी-जास्त करावं.

अक्षर किती मोठं हवं, याचा एक जुना ठोकताळा पाटीवाल्यांत चालत आला आहे: दहा फुटांमागे एक इंच उंची. शंभर फुटांवरून वाचायच्या फलकावर मुख्य ओळ निदान दहा इंच हवी. दुचाकीवरून जाणारा माणूस पाच-सहा शब्दांपलीकडे वाचत नाही. हे ग्राहकाला पडद्यावर पटत नाही. दुकानाच्या भिंतीवर दहा इंचांचं आणि तीन इंचांचं ‘यात्रा’ छापून लावा आणि त्याला रस्त्याच्या पलीकडे उभं करून दाखवा. वाद तिथेच मिटतो.

यात्रेच्या किंवा वाढदिवसाच्या फलकावरच्या चेहऱ्यांविषयी नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो फलक गावातल्या नात्यांचा आणि मानपानाचा नकाशा असतो. कोण वर, कोण कुणाच्या शेजारी, कुणाचा फोटो किती मोठा, यावरून उद्या भांडणं होणार असतात. डिझायनरने हे गांभीर्याने घ्यावं. नावांची आणि फोटोंची यादी क्रमाने, लेखी, संयोजकाच्या सहीसह किंवा त्याच्याच नंबरवरून मागवावी. क्रम ठरवण्याचं काम अंगावर घेऊ नये. मांडणी मात्र आपली: देवाला किंवा सत्कारमूर्तीला मोठी जागा, प्रमुखांची एक ओळ, उरलेल्या सगळ्यांची एकाच मापाची ओळ. एका ओळीतल्या सगळ्यांची डोकी एकाच उंचीची आणि डोळे एकाच रेषेत आणले की चाळीस चेहरेही नीटनेटके दिसतात. फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावेत. नुसता फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो. हिशेब सोपा आहे. १० बाय ८ फुटांचा फलक ७२ डीपीआयने केला तर तो ८६४० बाय ६९१२ पिक्सेलचा होतो, आणि त्यावर एक फूट उंचीचा चेहरा हवा तर फोटोतला चेहराच साधारण ८६४ पिक्सेल उंच हवा. प्रोफाइलवरून उचललेल्या फोटोत तो तेवढा नसतो. पत्रिका आणि पावत्या हातात धरून वाचायच्या असतात, त्यांना ३०० डीपीआय, सीएमवायके रंग आणि चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड लागतं. फाइल बाहेरगावी पाठवताना अक्षरं कर्व्हज करून पाठवावीत आणि मूळ फाइल आपल्याकडे जपून ठेवावी.

पैशांकडे येऊ. डिझाइनचा दर ठरवताना ‘बाजारात काय चाललंय’ हा प्रश्न नंतरचा. आधी स्वतःचा खर्च मांडावा. समजा घरखर्च, भाडं, वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर आणि संगणकाची झीज धरून महिन्याला तीस हजार रुपये लागतात. महिन्यात दोनशे तास दुकानात बसलात तरी निम्मे तास फोन, वसुली, वाट पाहणं यांत जातात. उरलेल्या शंभर तासांनी तीस हजार काढायचे तर तासाला तीनशे रुपये पडले. तीन तासांच्या फलकावर डिझाइनचे नऊशे रुपये लागतात, हे त्यामुळे निदान स्वतःला तरी कळतं. ग्राहकाला पहिल्या दिवशी नऊशे सांगता येणार नाहीत, हे मान्य. पण बिलावर ‘डिझाइन’ अशी ओळ छापा, त्यापुढे दोनशे लिहा, सूट दिलीत तर सूटही लिहा. या कामाला किंमत आहे हे ग्राहकाला कागदावर दिसू लागलं की पुढच्या वर्षी आकडा वाढवता येतो. मशिनवाल्यांनी एकत्र बसून एवढी एक ओळ सुरू केली तर सगळ्यांचाच फायदा आहे. छपाईचा दर पाडून एकमेकांचे ग्राहक पळवण्यात कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

निम्मी रक्कम आधी, हा नियम नातेवाइकांनाही लावावा. दुरुस्त्या दोन वेळा फुकट, तिसरीपासून पैसे, हे कामाच्या सुरुवातीला मेसेजवर लिहून पाठवावं. छपाईआधी प्रूफवर ‘नावं, तारीख, वार, मुहूर्त तपासले’ असा होकार त्याच मेसेजखाली घ्यावा. पत्रिकेत तारीख आणि वार जुळतात का, हे आपणही कॅलेंडर काढून पाहावं. ही चूक ग्राहकाची असली तरी नाव दुकानाचं खराब होतं. निवडणुकीचं काम उधारीवर घेऊच नये. हरलेल्या उमेदवाराकडून पैसे वसूल करायला लागणारा वेळ दुसऱ्या कामात जास्त कमाई देतो.

मोठ्या ग्राहकांकडे, म्हणजे संस्था, रुग्णालयं, कारखाने यांच्याकडे पैसे अडकतात तेव्हा एक कायदा कामाला येतो आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. उद्यम नोंदणी मोफत आहे, ऑनलाइन होते आणि डिझाइनसारख्या सेवेलाही मिळते. नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार ऑनलाइन करता येते. नोंदणी काम घेण्याआधी करून ठेवावी आणि उद्यम क्रमांक बिलावर छापावा. नुसता तो क्रमांक पाहून बिल लवकर सुटण्याचीही शक्यता वाढते. जीएसटीची सक्ती सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर येते. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावता येत नाही.

हक्कांच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी गोंधळ आहे. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझायनरने केलेल्या लोगोचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कायद्याने मुळात त्याचाच असतो. पगारावर असेल तर मालकाचा. हक्क ग्राहकाला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणून लोगोच्या कामात हक्क देण्याचा एक परिच्छेद बिलामागे असावा आणि त्याची रक्कम धरलेली असावी. दुसऱ्या बाजूला आपण स्वतः इंटरनेटवरून चित्रं उचलतो, तेही याच कायद्यात बसत नाही. राजा रविवर्मा १९०६ साली वारले, त्यांच्या मूळ चित्रांवर आता कुणाचा कॉपीराइट नाही. रघुवीर मुळगावकर १९७६ साली गेले. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो, त्यामुळे त्यांची देवदेवतांची चित्रं २०३६ संपेपर्यंत मुक्त होत नाहीत. चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं हाही गुन्हा आहे. कलम ६३बी खाली किमान सात दिवसांची कैद आणि पन्नास हजारांपासून दंड आहे. कोरेलचे पैसे परवडत नसतील तर इंकस्केप मोफत आहे आणि त्यात देवनागरी व्यवस्थित चालते.

निवडणुकीच्या काळात आणखी एक जबाबदारी येते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ प्रमाणे प्रचाराच्या प्रत्येक पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकाचं दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र घ्यायचं आणि छापील प्रतीसह जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कार्यकर्ता ‘नाव नको टाकू’ म्हणतो तेव्हा अडचणीत दुकानदार येणार असतो. मोठ्या फलकांच्या परवानगीकडेही काणाडोळा करू नये. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. त्यानंतर सांगाडा किती भक्कम आहे हा प्रश्न डिझायनरनेही विचारावा, असं मला मनापासून वाटतं.

मोबाइलवरची ॲप आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांनी सणांच्या शुभेच्छांचं किरकोळ काम बरंचसं नेलं आहे. ते परत येणार नाही, त्याच्यामागे धावू नये. यंत्राने काढलेल्या चित्रातली देवनागरी अजूनही वारंवार चुकीची येते, त्यामुळे पार्श्वभूमी यंत्राची घेतली तरी अक्षर आपलंच टाइप करावं.

नवं काम दुसरीकडे तयार होत आहे. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. त्याच वर्षी परंडा आणि भूम ज्यात येतात त्या जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं आणि लेटरहेड, शिक्के, शाळांच्या पाट्या, गाड्यांवरची नावं सगळं बदलायला लागलं. अशा वेळी नुसता शब्द बदलून देणारा आणि ‘पूर्ण लेटरहेड, शिक्का, पाटी एका वळणात करून देतो’ म्हणणारा, यांच्या कमाईत मोठा फरक पडतो.

मला सर्वांत जास्त आशा वाटते ती खाद्यपदार्थांच्या वेष्टनाची. भूम तालुक्याचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा यांचं नाव जिल्ह्याबाहेर आहे. त्याचा बॉक्स करायचा तर कायदा माहीत असलेला डिझायनर लागतो. एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, घटक, पोषणमूल्यं, कधीपर्यंत खावा, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, आणि हिरव्या चौकटीतलं हिरवं वर्तुळ. दर्शनी भाग १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर त्या वर्तुळाचा व्यास किमान ३ मिलिमीटर लागतो, पुढच्या मापाला ४. लेबलवरचा बंधनकारक मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत लागतो, त्याच्या जोडीला मराठी ठळकपणे देता येते. हे काम दहा मिनिटांत होत नाही आणि उत्पादकालाही ते माहीत असतं, त्यामुळे इथे डिझाइनचे पैसे मागताना घासाघीस कमी होते. पाव किलो, अर्धा किलो, एक किलो अशी मापं पुढे वाढतात आणि तोच ग्राहक वर्षानुवर्षं टिकतो. फक्त छापायला देण्याआधी बॉक्सचा साध्या कागदाचा नमुना कापून, दुमडून, त्यात पेढे भरून पाहावा. परवाना क्रमांक किंवा तारखेची जागा दुमडीखाली गेली तर अख्खा लॉट वाया जातो.